मोडतोड आपली, खर्च त्यांच्या नावावर

वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल अशी बांधू या, असं कुठल्याही बैठकीत म्हणून पाहा. उघड विरोध कोणी करणार नाही. माना डोलतील, विषय महत्त्वाचाच आहे असं कोणीतरी म्हणेल, आणि मग 'पण' सुरू होतील. पण बजेट संपलंय. पण मुदत पुढच्या आठवड्याची आहे. पण असे लोक आपल्या साइटवर येतात तरी किती? पण साइट दिसायला अगदीच साधी होईल. पण हे आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ. आमच्या धंद्यात दुसरा टप्पा कोणाला म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो कधीच येत नसतो.

या सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच समजूत आहे: साइट आधी तयार होते आणि सुगम्यता मागाहून, जादा पैसे मोजून तिच्यावर चढवायची असते. ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यावर उभे राहिलेले सगळे हिशेबही. वेबपान जन्मतः सुगम्य असतं. ते दुर्गम करण्याचं काम आपण करतो, तेही पगार घेऊन, आणि मग ते निस्तरायचा खर्च अंध आणि अपंग माणसांच्या नावावर टाकतो.

टिम बर्नर्स-ली यांनी 1991 मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेतून जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर ठेवली. ती आजही जालावर उघडता येते. साधा मजकूर, मथळे आणि दुवे. पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतो, माउसशिवाय तिच्यात फिरता येतं, अक्षर तिप्पट मोठं केलं तरी ओळी आपोआप खाली वळतात. सुगम्यतेचं बजेट तिथे कोणी मंजूर केलं नव्हतं. पानाची भाषाच तशी घडवलेली होती, आणि अजूनही आहे.

उदाहरण म्हणून बटन घ्या. एचटीएमएलमध्ये बटनासाठी बटन नावाचाच टॅग आहे. तो लिहिला की ब्राउझर पुढचं सगळं फुकट देतो: टॅब दाबत गेलं की त्याच्यापर्यंत पोहोचता येतं, एंटर किंवा स्पेसने ते दाबता येतं, आणि स्क्रीन रीडर त्याचं नाव सांगून 'बटन' असं म्हणतो. आमचे लोक काय करतात? डिव्ह नावाचा एक निनावी डबा घेतात, त्याला गोल कोपरे देतात, रंग भरतात आणि क्लिक केल्यावर काय व्हावं ते लिहितात. माउसवाल्याला दोन्ही सारखेच दिसतात. टॅब मात्र त्या डब्याला ओलांडून जातो आणि स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे बटन नसतंच. मग कधीतरी तपासणीचा अहवाल येतो, आणि त्या डब्याला भूमिका चिकटवा, टॅबच्या रांगेत आणा, कळ ओळखणारा कोड लिहा अशी कामं निघतात. जे फुकट मिळत होतं ते फेकून देऊन परत विकत घेतलं, त्याला 'सुगम्यतेचा खर्च' असं नाव पडलं.

टॅब दाबल्यावर आपण पानावर नेमके कुठे आहोत हे दाखवणारी चौकट ब्राउझर स्वतःहून काढतो. ती निळसर रेघ डिझायनरला खुपते, म्हणून स्टाइलशीटमध्ये एक ओळ लिहून ती घालवली जाते. ज्याचा हात थरथरतो, ज्याला माउस धरता येत नाही, तो त्या क्षणापासून अंधारात चाचपडतो. घालवायला एक ओळ लागली. ती ओळ न लिहिण्याला किती खर्च आला असता?

आता एक अर्ज कानांनी भरून पाहू. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 पासून उभा केला. तो मोफत मिळतो, त्यामुळे 'आमच्याकडे साधन नव्हतं' ही सबब चालणार नाही. तो सुरू करायचा, पडदा बंद करायचा आणि आपल्याकडच्या नेहमीच्या घडणीचा एखादा ऑनलाइन अर्ज उघडायचा. ऐकू येतं ते असं: 'एडिट, ब्लँक.' टॅब. 'एडिट, ब्लँक.' टॅब. 'एडिट, ब्लँक.' यातलं नाव कुठलं, वडिलांचं नाव कुठलं, आडनाव कुठलं? पडद्यावर प्रत्येक चौकोनाशेजारी ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण ती अक्षरं आणि तो चौकोन यांची गाठ कोडमध्ये कोणी मारलेलीच नाही. जन्मतारखेपाशी कॅलेंडर उघडतं आणि ते फक्त माउस ओळखतं; तारीख हाताने टाइप करायची सोय मुद्दाम बंद केलेली असते. पुढे 'चित्रातली अक्षरं ओळखा'. चित्राचं वर्णन सांगणारा ऑल्ट मजकूर नाही आणि ऐकू येणारा पर्यायही नाही. यातूनही कोणी कसाबसा शेवटच्या बटनापर्यंत आलाच, तर ते दाबल्यावर काहीच होत नाही. म्हणजे होतं: चुकलेला रकाना लाल होतो. लाल रंग ऐकू येत नाही.

या अर्जातले बहुतेक दोष काढायला नवीन तंत्रज्ञान लागत नाही, डिझाइनही बदलावं लागत नाही. चौकोनाला लेबल जोडायचं, तारीख टाइप करू द्यायची, चूक शब्दांत सांगायची आणि कर्सर तिथे न्यायचा. नवशिक्या प्रोग्रामरला पहिल्या महिन्यात शिकवायच्या गोष्टी आहेत या. त्या केल्या नसतील तर अर्ज अर्धवट आहे. अर्धवट काम पुरं करण्याला आपण जादा सोय केव्हापासून म्हणायला लागलो?

हे केवळ आपल्याकडचं रडगाणं नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. 2025 च्या तपासणीत 94.8 टक्के पानांवर दोष सापडले. सर्वांत जास्त आढळणारे दोष सहा आहेत: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फिका फरक, चित्रांना नसलेला ऑल्ट मजकूर, लेबल नसलेले रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटनं आणि पानाची भाषा न सांगणं. यंत्राला सापडलेल्या एकूण चुकांपैकी जवळजवळ सगळ्या या सहांतच बसतात. यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्या चुका हलगर्जीपणाच्या.

पानाच्या भाषेचं म्हणाल तर मराठी वाचकांशी तिचा थेट संबंध आहे. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिली की हे पान मराठी आहे हे यंत्राला कळतं आणि मराठी आवाज बोलायला लागतो. कित्येक मराठी साइटींचा सांगाडा इंग्रजीतून उचललेला असतो आणि तिथे भाषा 'इंग्रजी' अशीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज देवनागरीपुढे उभा राहतो. एक तर मजकूर गिळतो, नाहीतर त्याची वाट लावतो. दोन अक्षरांचा हा प्रश्न. यासाठी कुठली समिती बसवायची?

याहून मोठा घोळ फाँटचा. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटमध्ये अक्षर दिसायचं देवनागरी, पण यंत्राच्या पोटात असायचं रोमन. कृतिदेव या फाँटमध्ये 'महाराष्ट्र' लिहा. पोटात 'ई, जी, के, जे, के' अशी अक्षरं बसलेली असतात, आणि स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. आजही अशा फाँटमध्ये टाइप केलेल्या जाहिराती आणि परिपत्रकं साइटींवर चढवली जातात. आणि जे युनिकोडमध्ये टाइप होतं त्याचं काय? ते छापतात, त्यावर सही-शिक्का करतात, मग तिरकं स्कॅन करतात आणि पीडीएफ म्हणून टाकतात. संगणकावर मजकूर होता, तो पुसून त्याचं छायाचित्र टाकलं. अंध उमेदवाराला ते वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही त्यातला शब्द सापडत नाही. एवढं करायला जादा कष्ट, जादा कागद आणि जादा वेळ लागला आहे, हे लक्षात घ्या. मूळ फाइल तशीच ठेवली असती तर काम कमी झालं असतं.

खर्चाचा आकडा किती फुगवता येतो याचा जुना आणि नामी दाखला सिडनीचा आहे. सुगम्यतेची पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वं मे 1999 मध्ये आली. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थांनी सिडनी ऑलिंपिकच्या संयोजन समितीविरुद्ध तक्रार केली. ते ब्रेल पट्टीवर बोटं फिरवून साइट वाचत. चित्रांना ऑल्ट मजकूर नव्हता, खेळांच्या पानापर्यंत जाता येत नव्हतं, निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. समितीचं म्हणणं असं की, हे करायला सुमारे 21.8 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि एका माणसाचे वर्षभराहून जास्त दिवस लागतील. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी साक्षीत या आकड्याची हवा काढली. ऑगस्ट 2000 मध्ये मानवी हक्क आयोगाने समितीला साइट दुरुस्त करायला सांगितलं. समितीने ते पुरतं केलं नाही, ऑलिंपिक उरकलं, आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्वायर यांना 20,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. या प्रकरणाला पंचवीस वर्षं होऊन गेली. आक्षेपांची यादी मात्र तीच आहे.

नवा आक्षेप एकच भर घालून आलाय: आता हे सगळं एआय करेल. कोडची एक ओळ चिकटवा, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह येईल, अक्षर मोठं-लहान करायची बटनं येतील आणि साइट सुगम्य होईल. अशी विजेट विकणाऱ्या कंपन्यांतली एक ठळक कंपनी ॲक्सेसिबी. आपलं साधन कुठलीही साइट मानकांत बसवतं असा तिचा दावा होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये हा दावा दिशाभूल करणारा ठरवून तिच्याकडून 10 लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश जाहीर केला. आपल्याकडे मात्र ते कोपऱ्यातलं चिन्ह हीच सुगम्यतेची पावती समजली जाते. ज्याला मोठं अक्षर लागतं त्याने ते फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. तुमची साइट त्याची निवड मोडते का, एवढाच प्रश्न आहे.

चित्रांचं वर्णन एआय करेल, हेही ऐकतो. करतंही. पण पाणीटंचाईच्या बातमीतला हातपंप आणि हातपंप विकणाऱ्या दुकानाच्या पानावरचा हातपंप यांचं वर्णन एकच असून चालत नाही. तो फोटो तिथे का लावला हे लावणाऱ्यालाच माहीत असतं. एक वाक्य लिहायला त्याला किती वेळ लागतो?

सौंदर्याचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण तो लवकर आटोपण्यासारखाच आहे. सुगम्यतेचं मानक म्हणतं की नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5 हवं. पांढऱ्यावर सध्याच्या आवडीचा फिका राखाडी (नऊ-नऊ-नऊ या संकेतांकाचा) घेतला तर ते 2.85 भरतं. तीन वेळा सात घेतले तर 4.48, म्हणजे थोडक्यात नापास. त्याहून केसभर गडद राखाडी घेतला की पास. त्या दोन राखाडींतला फरक कसलेल्या डिझायनरलाही नुसत्या डोळ्याने सांगता येणार नाही. देवनागरीत तर गडद आणि जरा मोठ्या अक्षराची गरज जास्तच. फिक्या, बारीक टाइपात अनुस्वार बुजतो आणि 'घरं'चं 'घर' होतं. रफार, वेलांट्या, उकार यांना ओळींमध्ये जागा लागते. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळींची उंची तशीच ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. याला कोणी देखणं म्हणत असेल तर म्हणो बापडे.

'असे लोक किती?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख. त्यानंतर जनगणनाच वेळेवर झाली नाही. पण आकडा सांगूनही समोरचा म्हणतो, आमच्या साइटवर तर कोणी अंध येत नाही. जिना काढून टाकायचा आणि वरच्या मजल्यावर कोणी फिरकत नाही म्हणायचं, यातला हा प्रकार. जो पहिल्याच रकान्यापाशी अडकून परत गेला, तो तुमच्या आकडेवारीत 'अर्ध्यावर सोडलेला अर्ज' म्हणून जमा होतो, अंध म्हणून नाही.

यावर एक नेहमीचं उत्तर असतं: सुगम्य साइट सगळ्यांनाच उपयोगी पडते, मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, हात प्लास्टरमध्ये असलेल्याला, भर उन्हात एसटी स्टँडवर मोबाइल बघणाऱ्याला. हे खरं आहे, पण या युक्तिवादावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. धडधाकट माणसाचा फायदा दाखवल्याशिवाय अंध माणसाचा हक्क मंजूर होणार नसेल, तर आपण हक्काबद्दल बोलतच नाही आहोत.

आणि हक्क तर कायद्यात लिहिलेला आहे. तो कायदा म्हणजे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यातलं कलम 46 सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवांना लागू होतं. सेवा सुगम्य करायला नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती, ती 2019 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नियमांतला नियम 15 (1) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र नुसत्या शिफारशींची जंत्री देतात, हे चालणार नाही, असा त्याचा आशय. 30 एप्रिल 2025 चा प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल तर प्रत्येक वेब डिझायनरने वाचावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या बाईला पापणी हलवता येत नाही, तिला बँकेची ई-केवायसी 'डोळे मिचकावा' म्हणते. ज्या अंध वकिलाला कॅमेरा चेहऱ्यासमोर नेमका धरता येत नाही, त्याला 'चेहरा चौकटीत आणा' म्हणते. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळण्याला संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं आणि वीस निर्देश दिले. पाठोपाठ 31 जुलै 2025 रोजी सेबीने दलाल आणि म्युच्युअल फंडांसकट आपल्या अखत्यारीतल्या सगळ्यांसाठी सुगम्यतेबद्दल परिपत्रक काढलं.

याच ठिकाणी कोणीतरी हमखास म्हणतं, 'घरचे असतातच की मदतीला.' असतात. पण बँकेचा पासवर्ड, रक्ताच्या तपासणीचा अहवाल, नोकरीचा राजीनामा, वकिलाला लिहिलेली मेल, हे सगळं मुलासमोर किंवा शेजाऱ्यासमोर उघडून बसायची सक्ती आपण स्वतःवर करून घेऊ का? ओटीपी दुसऱ्याला सांगू नका, असं बँक सगळ्यांना बजावते, आणि तिच्याच पानावर ओटीपी टाकायचा चौकोन स्क्रीन रीडरला सापडत नाही.

आपल्या लोकांना हे जमत नाही, असंही नाही. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला. बँका, ऑनलाइन दुकानं, तिकीट विक्री सगळं त्यात येतं. युरोपातल्या ग्राहकांसाठी हिंजवडीत बसून काम करणाऱ्या टीमना तो पाळावाच लागतो, आणि त्या तो पाळतात. तिथल्या बँकेचा अर्ज टॅबने भरता येईल असा बांधणारा इंजिनियर इथे रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच काकांना म्हणतो, 'द्या इकडे, मी भरून देतो.' कसब हाताशी आहे. मागणी नाही, आणि न केल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

काही गोष्टींना खरोखरच पैसे लागतात, तेवढं मान्य करायला हवं. तासभराच्या मराठी व्याख्यानाला अचूक शब्दपट्टी देणं, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला बसवणं, नकाशातली माहिती शब्दांत मांडणं, वीस वर्षांच्या स्कॅन केलेल्या फाइली पुन्हा टाइप करून तपासणं, हे सगळं मेहनतीचं काम आहे. त्यासाठी स्वतंत्र तरतूद मागा, टप्पे पाडा, वेळ घ्या. माझी तक्रार आहे ती या मोठ्या कामांच्या आडोशाला लेबल, बटन आणि राखाडी रंग लपवण्याबद्दल. ती कामं उद्या सकाळी होण्यासारखी आहेत, आणि नव्या साइटीत तर ती मुळातच उरायला नकोत.

म्हणून या लेखातली विनंती डिझायनरांपेक्षा पैसे देणाऱ्यांना जास्त आहे: संस्थेचे सचिव, बँकेचे संचालक, विद्यापीठाचे कुलसचिव, नगरपालिकेचे मुख्याधिकारी. कायद्याच्या कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्याला 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार कोणालाही करता येते. पण दंडाची वाट पाहायचं कारण नाही. साइट ताब्यात घेताना माउस काढून बाजूला ठेवा, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटनापर्यंत अर्ज स्वतः भरा, मग एखाद्या अंध व्यक्तीला रीतसर मानधन देऊन तिच्याकडून भरून घ्या. जो अर्ज असा भरता येत नाही, त्याचं बिल मंजूर करू नका.